अकारण चालणाऱ्यांची मोजणी

माणूस हा मूलतः चालणारा प्राणी आहे. ही गोष्ट प्रशासनाच्या लक्षात यायला जरा उशीर झाला, पण एकदा लक्षात आल्यावर प्रशासनाने वेळ दवडला नाही. ताबडतोब 'पादचारी संवर्धन कक्ष' स्थापन झाला, कक्षाला सहाव्या मजल्यावर चार खोल्या मिळाल्या आणि कक्षप्रमुखांना एक गाडी मिळाली. (कार्यालयासमोर पदपथ नसल्यामुळे तिथे पायी पोचणं धोक्याचं होतं. पादचाऱ्यांचं संवर्धन करणारा माणूसच रस्ता ओलांडताना गेला असता, तर ते कक्षाला शोभलं नसतं.)

पहिल्या वर्षी कक्षाने चालण्याचा सखोल अभ्यास केला. त्यात असं आढळलं की माणसं दोन प्रकारे चालतात, सकारण आणि अकारण. पाव आणायला, औषध आणायला, मुलांना शाळेत सोडायला, उसनी आणलेली शिडी परत करायला माणूस चालतो, ते सकारण. अशा चालण्याला प्रगत समाजात फारशी किंमत नाही, कारण ते कोणीही करतं. याउलट हातात काही नाही, डोक्यात काही नाही, कुठे पोचायचं नाही आणि परतायची घाई नाही, असा माणूस एखाद्या रस्त्याने चालत असेल, तर त्या रस्त्यात काहीतरी विशेष असलंच पाहिजे. त्यावरून सूत्र ठरलं: शंभर चालणाऱ्यांमागे जितके अकारण चालतील, तितके त्या वस्तीचे गुण. सूत्र इतकं सोपं होतं की ते मंजूर व्हायला चौदा महिने लागले.

किल्लीकाकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. शहराच्या कडेला साठ वर्षांपूर्वी वसलेल्या एका वस्तीत त्यांचं किल्ल्या बनवायचं दुकान होतं. दुमजली घरं, मधून एक रस्ता, रस्त्याला सात दुकानं, त्यातलं तिसरं त्यांचं. पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या, त्यात ते आणि काकू. त्यांचं खरं नाव वीजबिलावर होतं, पण वीजबिल आणून देणारासुद्धा त्यांना किल्लीकाका अशीच हाक मारायचा. माणूस कामाचा पक्का. किल्ली घासली की ती कुलपात तीनदा फिरवून बघायची, मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, हा त्यांचा नेम होता.

दुकानाच्या भिंतीवर एक लाकडी फळी होती आणि तिच्यावर एकशे अठ्ठेचाळीस खिळे. वस्तीतल्या प्रत्येक घराची जादा किल्ली त्या फळीवर टांगलेली असायची. कोणी बाहेर अडकलं की सरळ काकांकडे यायचं, किल्ली न्यायची, दार उघडायचं, परत आणून टांगायची. किल्ल्यांना चिठ्ठ्या नव्हत्या. काकांना दाते बघूनच घर कळायचं. वस्तीचं सगळंच असं हाताशी होतं. बेकरी दोन मिनिटांवर, शिवणवाल्या मावशी तीन मिनिटांवर, डॉक्टर चार मिनिटांवर (बरं नसेल तर सात). चालण्यासाठी कोणीही परवानगी घेतलेली नव्हती, नकाशा केलेला नव्हता, तरी माणसं बिनदिक्कत चालत होती. कक्षाच्या कागदपत्रांत अशा वस्तीला 'अनियोजित पादचारी क्षेत्र' म्हणतात.

एका सकाळी काकांच्या दुकानासमोर दिव्याच्या खांबावर सूचना लागली. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंनी ती सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. (बाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी मोठ्याने वाचलेलं खरं असतं, असं वस्तीत तीन पिढ्या मानत आल्या होत्या.) सूचना अशी होती: सात दिवस या रस्त्यावर मोजणी होईल. साठ किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या वस्तीचा सर्वांगीण विकास करण्यात येईल. ज्या वस्तीचे गुण साठच्या खाली येतील, त्या वस्तीत काहीही करण्यात येणार नाही.

वाचन संपलं.

"काहीही करणार नाहीत," बेकरीवाला म्हणाला. "लेखी दिलंय."

त्यांचं घाबरणं स्वाभाविक होतं. गटार नऊ वर्षं तुंबलेलं होतं, बेकरीसमोरचा दिवा चार अर्ज करूनही लागत नव्हता. हे सगळं प्रशासनाने काहीही न ठरवता झालेलं होतं. आता तर ठरवून, शिक्का मारून काही करणार नाहीत म्हणजे आपली धडगत नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. पाणी जाईल, वीज जाईल, शेवटी दुकानं जातील. तीस वर्षं काका आपल्या दुकानात उभे होते, दुसरीकडे उभं राहायची त्यांच्या पायांना सवयच नव्हती.

काकू मात्र दारात उभ्या राहून शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, काही करणार नाहीत म्हणजे दुकान कसं जाईल? काहीच करणार नाहीत असं लिहिलंय ना?"

"अगं, सरकारी भाषा आहे ती," काका म्हणाले. "तिचा असा सरळ अर्थ लावायचा नसतो."

"मग वाकडा अर्थ काय होतो?"

"तोच तर कळत नाही. म्हणून तर काळजी."

काकूंनी पुढची शेंग घेतली. त्यांचं म्हणणं कोणी लिहून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोजणीदार आला. मध्यम वयाचा, दमलेला माणूस, सोबत एक स्टूल आणि दोन रकान्यांचा तक्ता. खांबाखाली बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला बघायचा आणि एका रकान्यात खूण करायचा. पहिल्या दिवशी वस्तीला सहा गुण मिळाले. माणसं चालली पुष्कळ, पण सवयीने पिशव्या घेऊन चालली. ज्यांनी पिशव्या घरी ठेवल्या, त्यांना हात कुठे ठेवायचे ते समजेना. बेकरीवाला अगदी निश्चयाने अकारण निघाला आणि नकळत पिठाच्या दुकानात जाऊन पोचला. शिवाय वाटेत कोणी ना कोणी भेटायचंच. "काय, कुठे निघालात?" असं कोणी विचारलं की माणूस आपला साधेपणाने "जरा औषध आणायला" म्हणायचा आणि मोजणीदाराची पेन्सिल सकारणकडे वळायची.

त्या संध्याकाळी काकांच्या दुकानात बाईंनी वर्ग घेतला. अकारण चालण्याचे नियम त्यांनी घरून आणलेल्या फळ्यावर लिहिले. हात पाठीमागे. दर दहा पावलांनी एकदा आकाशाकडे पाहणे. झाड आल्यास थांबून "वा" म्हणणे. (वस्तीत झाडं दोनच होती, त्यामुळे तिसऱ्या दिवसापासून झाडांपाशी रांगा लागल्या.) ओळखीचं कोणी भेटल्यास न विचारता पुढे जाणे. काकांनी घरवार वेळापत्रक केलं आणि ते राबवण्यासाठी दुकान उरलेले सहा दिवस बंद ठेवलं, जे त्यांनी स्वतःच्या लग्नातसुद्धा केलं नव्हतं.

मग मात्र वस्तीने कमाल केली. शिवणवाल्या मावशी गळ्यातली टेप काढून चालल्या. डॉक्टर पेशंटला तपासता तपासता मध्येच दोन फेऱ्या मारून यायचे. भिंतीवरून अकरा वर्षं अबोला असलेले दोघं सख्खे भाऊ दिवसातून चाळीस वेळा समोरासमोर यायला लागले आणि पाचव्या दिवशी थोरला कंटाळून म्हणाला, "बरं, ती भिंत तुझी." पण खरा मान मिळाला तो चौऱ्याऐंशी वर्षांच्या एका आजोबांना. ते एकवीस फेऱ्या मारून खांबापाशी थांबले आणि मोजणीदाराने त्यांना विचारलं, "आजोबा, कशासाठी चालताय?" आजोबांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "आठवत नाही." इतकी शुद्ध अकारणता आपण नोकरीत पाहिली नव्हती, असा शेरा मोजणीदाराने तक्त्याच्या समासात लिहून ठेवला.

शेवटच्या दिवशी काकूंनी त्याला चहा दिला. चहा पिता पिता तो काकांना म्हणाला, "एक विचारू? तुम्ही लोक एवढं का चालताय?"

"गुण नकोत का?"

"हवेत ना, हवेत. पण असा उत्साह कुठे दिसत नाही. मागच्या वस्तीत सगळे आपले पिशव्या घेऊन फिरत राहिले. चौदा गुण पडले."

"अरेरे," काका म्हणाले. "मग त्यांचं काय झालं?"

"काहीच नाही. आहेत तसे आहेत."

काका तडक उठले. त्यांनी चपला घातल्या आणि आणखी सहा फेऱ्या मारल्या.

वस्तीला एक्क्याण्णव गुण मिळाले. (उरलेले नऊ कसे गेले याचा तपास झाला. त्यात पहिल्या दिवसानंतर फक्त काकूंचं नाव निघालं. त्या सातही दिवस पिशवी घेऊनच भाजीला गेल्या होत्या.) रस्त्याच्या तोंडाशी 'चालण्याजोगी वस्ती, श्रेणी अ' असा फलक लागला, कक्षप्रमुख गाडीतून आले, त्यांनी फलकापासून गाडीपर्यंत अठरा पावलं चालून दाखवली आणि टाळ्या झाल्या. काकांना हार घातला. रात्री झोपताना ते काकूंना म्हणाले, "बघ, वाचलं दुकान." काकू म्हणाल्या, "दिवा बंद करा."

त्यानंतर विकास झाला. तो झाला नाही असं कोणीही म्हणू शकणार नाही. गटार आठ दिवसांत साफ झालं. दिवा लागला, आणि त्याच्या शेजारी आणखी बावीस लागले. रस्त्यावर गुळगुळीत फरशी आली, चालण्याची दिशा दाखवणारे बाण आले, बाक आले. बाक अशा बेताने उतरते केलेले होते की माणूस अकरा मिनिटांत आपोआप घसरून पुन्हा चालायला लागावा. दोन झाडांना नावाच्या पाट्या लागल्या. आणि त्याच महिन्यात एक रंगीत माहितीपत्रक निघालं, ज्याच्या पान चारवर लिहिलं होतं: बेकरी २ मिनिटं, शिंपीकाम ३ मिनिटं, डॉक्टर ४ मिनिटं, आणि हाकेच्या अंतरावर पारंपरिक किल्लीवाला. काकांनी ते पान कापून काचेखाली ठेवलं.

माहितीपत्रक वाचून माणसं आली. चांगली, हसतमुख माणसं. रविवारी लांबून लांबून गाड्या करून चालायला यायची. गाड्या ठेवायला जागा पुरेना, म्हणून शाळेच्या मैदानावर चार मजली वाहनतळ झाला. मग ही माणसं राहायलाच यायला लागली आणि भाडी अशी वाढली की जुन्या माणसांना आकडा दोनदा विचारावा लागे. बेकरी गेली, तिथे छत्तीस तास आंबवलेला पाव मिळायला लागला, सोबत त्या पावाचा जीवनवृत्तांत छापून देत. मावशींचं शिवणयंत्र गेलं, तिथे फाटक्या विजारी विकायचं दुकान आलं. (मावशींनी आयुष्यभर त्या शिवल्या होत्या, हे चुकलंच म्हणायचं.) डॉक्टरांच्या जागी श्वास कसा घ्यावा हे शिकवणारं केंद्र निघालं. माहितीपत्रकातली मिनिटं तेवढी खरी राहिली.

आता, घरात नवीन माणूस आला की तो पहिलं काय करतो? कुलूप बदलतो. काकांना तीस वर्षांत मिळालं नव्हतं एवढं काम त्या दहा महिन्यांत मिळालं. जुनं कुलूप काढायचं, नवं बसवायचं, तीनदा फिरवून बघायचं. सुरुवातीला त्यांना बरं वाटलं. मग एक दिवस मावशींच्या दारातलं कुलूप काढताना त्यांना त्यातली झीज ओळखीची वाटली. मावशी किल्ली नेहमी उलटी घालायच्या. त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नाहीत. नवीन माणसांपैकी कोणी जादा किल्ली फळीवर आणून टांगली नाही. फळी भरलेलीच होती, पण तिच्यावरची एकही किल्ली आता कुठल्याही दाराला लागत नव्हती. ती सगळी कुलपं काकांनी स्वतःच्या हाताने काढली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या हातांचा राग आला.

शेवटी दुकानाच्या जागेच्या मालकांचे भाचे आले. फार अदबीने वागणारा माणूस. दुकानात कॉफीचं दुकान निघणार होतं, नाव ठरलं होतं 'किल्ली'.

"पण मी तर पान चारवर आहे," काका म्हणाले.

"आहातच. तुमच्यामुळेच तर या जागेला वजन आहे."

"मग मी राहतोय ना?"

"काका, आम्हाला तुमचं असणं हवंय. तुम्ही स्वतः असायला हवं, असं काही नाही." मग त्यांनी फळीकडे मान वर करून पाहिलं. "ही मात्र ठेवून जा हं. काय सुंदर आहे."

"त्यावर लोकांच्या घरांच्या किल्ल्या आहेत," काकू म्हणाल्या.

"पण काकू, ती घरं कुठे आहेत आता?"

स्टुलावर चढून काकूंनी स्वतः फळी उतरवली, चादरीत गुंडाळली आणि ट्रंकेखाली सरकवली. भाच्यांनी काही मनाला लावून घेतलं नाही. त्यांनी काकांना जुन्या दिसतील अशा एकशे अठ्ठेचाळीस नवीन किल्ल्यांचं काम दिलं. काकांनी त्या केल्या. एकही किल्ली कशालाही लागत नाही ना, हे प्रत्येकीचं तीनदा तपासलं.

जायच्या दिवशी फोन आला. दुकान क्रमांक तीनचं कुलूप बदलायचं आहे, त्या भागात कोणी किल्लीवाला माहीत आहे का? काका म्हणाले, आहे. ट्रंक आणि फळी टेम्पोत चढवून काकू बाहेर थांबल्या. काकांनी आपल्या दाराचं कुलूप काढलं, नवं बसवलं, तीनदा फिरवलं. तीनही वेळा ते छान लागलं. मग किल्ल्या भाच्यांच्या हातावर ठेवून ते टेम्पोत बसले.

परवडण्यासारखी जागा अकरा किलोमीटरवर मिळाली, महामार्गाच्या कडेला, जिथे बस जायची पण थांबायची नाही. जुनी वस्ती बहुतेक तिथेच येऊन पडली होती. काकांनी फळी भिंतीवर ठोकली आणि संध्याकाळपर्यंत मावशी आपली जादा किल्ली घेऊन आल्या. मग बाई आल्या. मग दोघं भाऊ आले, एकाच दाराच्या दोन किल्ल्या घेऊन. वर्षभरात बेकरी निघाली, मावशींचं यंत्र सुरू झालं, चिखलातून माणसांच्या पायांनी एक वाट पडली. पाव पुन्हा दोन मिनिटांवर आला. काका पुन्हा गुणगुणायला लागले.

आणि एका सकाळी खांबाखाली तेच स्टूल दिसलं. स्टुलावर तोच मोजणीदार. सूचनाही शब्दशः तीच.

या वेळी बाईंना मोठ्याने वाचायची गरज पडली नाही. सगळे काकांच्या दुकानात जमले.

काकू म्हणाल्या, "यात एवढं काय आहे? पिशवी घ्या आणि रोजच्यासारखं चाला. चौदा गुण पडतील, जाईल बिचारा."

काकांनी मान हलवली. "नाही. एखाद्याची पिशवी त्याला दिसलीच नाही तर? सवयीने कोणी आकाशाकडे बघितलं तर? आजोबांचं तर विचारूच नका. आता धोका पत्करायचा नाही. सात दिवस कोणीही घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. चालणारच कोणी नाही, तर गुण कशाचे देणार?"

हिशेब बिनतोड होता, म्हणून सगळ्यांना पटला. सात दिवस वस्ती घरात बसली. पाव खिडकीतून खिडकीत फेकला गेला. (मावशी झेलण्यात तरबेज निघाल्या.) डॉक्टरांनी गच्चीवरून ओरडून औषधं सांगितली, त्यामुळे कोणाला काय झालंय हे प्रथमच सगळ्यांना कळलं. मोजणीदार रिकामा तक्ता मांडीवर घेऊन बसायचा आणि काकू दोरीने टोपली सोडून त्याला चहा द्यायच्या. सहा दिवस झाले. एकही खूण नाही. काकांनी खिडकीआडून हात चोळले.

सातव्या दिवशी, रविवारी, एक गाडी थांबली. त्यातून एक जोडपं उतरलं. इतकी शांत वाट, एक वाहन नाही, खिडकीतून पाव उडतोय, दोरीला टोपली, हे बघून दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. हात पाठीमागे घेऊन ती दोघं त्या वाटेने संध्याकाळपर्यंत चालत राहिली. दर दहा पावलांनी आकाशाकडे बघत होती. बेकरीपाशी थांबून "वा" म्हणाली.

ती गेल्यावर काकांनी खिडकी किलकिली केली. "किती झाले?"

"शंभर," मोजणीदार म्हणाला. "जेवढे चालले तेवढे सगळे अकारण. कक्षाच्या इतिहासात एवढे गुण कोणालाच मिळालेले नाहीत. अभिनंदन."

काकूंनी आत कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. काकांनी तक्त्याकडे वाकून पाहिलं. अकारणच्या रकान्यात खुणा तीन होत्या.

"दोघंच तर आले होते," काका म्हणाले. "तिसरी खूण कोणाची?"

"आणखी एक जण आहे की. तुमच्या जुन्या वस्तीपासून मागे मागे येतंय. हातात पिशवी नाही, कोणाकडे काम नाही, नुसतं सगळं बघत, मधूनच हसत इथपर्यंत आलंय."

"खोल्या विचारत होतं का?"

"मनातल्या मनात. पाव दोन मिनिटांवर आहे हे कळलं ना, तेव्हाच."

काकांनी खिडकीतून तुमच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि आतून कडी लावून घेतली.